ट्रेलरचं पासिंग संपलेलं असेल तर बघायचं कोणी, ड्रायव्हरने की मालकाने?

बावीसचाकी_आडगाव
नमस्कार मंडळी. मी ट्रेलर चालवतो, नऊ वर्षं झाली, त्याआधी दहा चाकी होती. घर आडगाव टर्मिनलच्या जवळच. सोमवारी रात्री जे झालं ते सांगतो आणि मग प्रश्न विचारतो, जरा लांबेल.

माझी नेहमीची ट्रॉली, म्हणजे मागचा ट्रेलर, हबच्या कामाला गॅरेजला होती. रात्री साडेदहाला सुपरवायझरचा फोन आला की पिंपळगावहून द्राक्षांचा रीफर (थंड) कंटेनर भरून यार्डात आलाय, तो ज्या ट्रॉलीवर आहे तिला तुझा घोडा (पुढची इंजिनची गाडी) लाव आणि सकाळी जेएनपीटी बंदर गाठ. मी गेलो. नंबर प्लेटवर चिखल होता, तो पुसून सवयीप्रमाणे नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकला. ट्रॉलीचं पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट, संपून दोन महिने अकरा दिवस झालेले. विमा चालू होता. सुपरवायझरला दाखवलं तर म्हणे तुझा घोडा पास आहे ना, मग झालं, ट्रॉलीला कोण विचारतं, आणि कागद बघायचं काम ऑफिसचं, तुझं काम स्टेअरिंगचं.

मी नाही म्हणालो. अर्ध्या तासात दुसरा पोरगा बोलावला, चोविसेक वर्षांचा असेल, तो घेऊन गेला. माझी ट्रिप गेली, भत्ता गेला आणि आज बुधवार, अजून मला गाडी दिलेली नाही. घरी बायको विचारतेय की एवढं काय अडलं होतं.

म्हणून विचारतो. ट्रॉलीचे कागद बघणं कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे का? की मी उगाच शहाणपणा केला? आणि तुमच्यापैकी कोणी असा नकार दिलाय का, दिला तर काय बोलून दिलात?

निवृत्त_स्टेअरिंग
चौतीस वर्षं गाडी चालवली भाऊ, आग्रा रोडवर आयुष्य गेलं. आमच्या वेळी कागद रेक्झिनच्या पिशवीत सीटमागे असायचे, पोलिसाने मागितले की पिशवी तशीच पुढे करायची, आत काय आहे ते आम्ही कधी बघितलं नाही. निम्म्या ड्रायव्हरांना वाचता येत नव्हतं आणि आजही सगळ्यांना येतं असं नाही. गाडी मालकाची, भाडं मालकाला, कागदही मालकाचेच. चार तास झोपून उठलेल्या माणसाने टायर बघायचे, पाईप बघायचे, माल बघायचा आणि वर आरटीओचं कामही करायचं का? तू चुकलास असं मी म्हणत नाही, पण जबाबदारी तुझी नाही.

पेठरोड_रोजचा
काका तुमचं बरोबर, पण हल्ली सगळं मोबाईलवर दिसतं, नंबर टाकला की पासिंग, विमा, टॅक्स समोर. दोन मिनिटं लागत नाहीत. २०१८ पासून मोबाईलमधले कागद चालतातही, डिजीलॉकर नाहीतर एमपरिवहन. कागद ऑफिसात आहेत हे कारणच आता उरलं नाही.

कोर्टातली_ताई
मी नाशिक कोर्टात वकिली करते, मोटार अपघाताच्या केसेस बऱ्याच बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे ट्रॉलीला कोण विचारतं याचं उत्तर. कायदा विचारतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यातच ट्रेलर धरलेला आहे. पुढे कलम ५६ असं सांगतं की फिटनेस सर्टिफिकेट नसलेल्या ट्रान्सपोर्ट वाहनाची नोंदणी वैध धरायचीच नाही. म्हणजे पासिंग संपलं हा नुसता एक कागद कमी असण्याचा मामला नाही, कायद्याच्या नजरेत ती ट्रॉली जवळजवळ बिननोंदणीची होते. त्याला कलम १९२ लागतं, पहिल्यांदा २ ते ५ हजार दंड, परत सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ ते १० हजार दंड किंवा दोन्ही. आणि हे कलम जो चालवतो त्याला आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्याला, दोघांनाही आहे. त्यामुळे ड्रायव्हर की मालक असा प्रश्नच नाही, दोघे.

दुसरं कलम १९०, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धोकादायक दोष असलेली गाडी किंवा ट्रेलर चालवला तर, आणि तो दोष चालवणाऱ्याला माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर तो गुन्हा. मला माहीतच नव्हतं हे उत्तर तिथे पुरत नाही, कोर्ट विचारतं की बघितलं असतं तर दिसलं असतं का. साधा दंड १५०० पर्यंत आहे, पण त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला लागलं तर तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे.

बावीसचाकी दादा, तुम्ही शहाणपणा केलात, पण उगाच नाही.

निवृत्त_स्टेअरिंग
ताई कायदा तुम्ही सांगितला तो खरा असेल, पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याला आणि मालकाला एकाच काट्यावर तोलायचं हा न्याय झाला का? तो चोविशीचा पोरगा, त्याला ट्रिप सोडली तर पुढची मिळेल की नाही हे माहीत नाही.

कोर्टातली_ताई
काका, हा मुद्दा मलाही सलतो. ओव्हरलोडच्या बाबतीत कायद्याने थोडा विचार केलाय, कलम ११३ मध्ये असं आहे की चालवणारा मालक नसेल तर हे मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच हुकमाने झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पासिंगला असं थेट वाक्य मला दिसत नाही. म्हणून मी ओळखीच्या ड्रायव्हरांना एकच सांगते, तोंडी बोलू नका, व्हॉट्सॲपवर लिहा. ट्रॉली नंबर अमुक, पासिंग अमुक तारखेला संपलंय, निघू का? एवढं एक वाक्य आणि स्क्रीनशॉट. उत्तर आलं नाही तरी तो मेसेज राहतो.

सातपूरकर
आणि ट्रॉलीला पीयूसी लागते का हो ताई 😀

पेठरोड_रोजचा
इंजिनच नाही तर धूर कुठला निघणार भाऊ. पीयूसी घोड्याची. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, काही गाड्या घोडा आणि ट्रॉली मिळून एकच आर्टिक्युलेटेड म्हणून नोंदवलेल्या असतात, त्यांचा कागदांचा संच एकच. आणि काहींचा घोडा वेगळा, सेमी ट्रेलर वेगळा, नंबर दोन, पासिंगच्या तारखाही दोन. गडबड होते ती या दुसऱ्या प्रकारात, कारण सगळे पुढचा नंबर बघतात, मागचा कोणी बघत नाही. चिखल तर कायम मागच्याच प्लेटवर.

सिन्नर_मालक
मी मालक आहे, मुसळगावला ऑफिस, पाच घोडे आणि आठ ट्रॉल्या. मालकांना इथे बऱ्याच शिव्या पडणार हे दिसतंय तर आमची बाजूही सांगतो.

मागच्या वर्षी माझ्याही एका ट्रॉलीचं पासिंग संपून महिना झाला होता आणि मला पत्ता नव्हता. ट्रॉली जुनी घेतलेली, नोंदणीला मोबाईल नंबर आधीच्या मालकाचा राहिलेला, आरटीओचे मेसेज सगळे त्याला जात होते. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांचं मिळतं, नंतर दरवर्षी करावं लागतं, आणि ही ट्रॉली नेमकी त्या वर्षी आठची झाली होती. माझ्या डोक्यात अजून दोन वर्षांचंच गणित. घोटीच्या आधी गाडी अडवली तेव्हा कळलं. दंड मी भरला, ड्रायव्हरकडून एक रुपया घेतला नाही, घ्यायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर प्रत्येक ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्यावर पासिंग आणि विम्याची तारीख पांढऱ्या रंगात मोठी लिहून घेतली. घोडा लावायला मागे घेतला की आरशातच दिसते. वाचता न येणाऱ्यालाही आकडे कळतात, काकांच्या मुद्द्यावर माझ्याकडचा उपाय एवढाच.

आणि बावीसचाकी भाऊ, माझ्या ड्रायव्हरने असा नकार दिला असता तर त्या रात्री मलाही राग आला असता हे खरं सांगतो. द्राक्षाचा कंटेनर, जहाजाची वेळ गाठायची, एक्स्पोर्टर दर अर्ध्या तासाला फोन करतो. पण दुसऱ्या दिवशी त्यालाच चहा पाजला असता.

निफाडची_बाग
मी द्राक्षवाला शेतकरी. आमचा माल त्या कंटेनरमध्ये असतो म्हणून वाचत होतो. वर्षभराची मेहनत, थिनिंग, डिपिंग, अवकाळीची धास्ती, सगळं करून माल कंटेनरमध्ये चढला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो, खालची ट्रॉली कशी आहे हे आमच्या मनातही येत नाही. यापुढे येईल.

पण मग आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं काय? लासलगाव नाहीतर पिंपळगावला कांद्याच्या लिलावाच्या दिवशी सकाळी जाऊन उभे राहा, शंभरातल्या किती ट्रॉल्यांना मागे लाल लाईट आहे ते मोजा.

मेकॅनिक_काका
लाईट सोडा, रिफ्लेक्टरची पट्टी तरी लावा. मागे लाल, बाजूला पिवळी. गाळपाच्या दिवसांत अंधारात उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉलीवर आदळल्यावरच कळते. मी स्वतः दोन वेळा माणसं उचललीत.

सातपूरकर
जानेवारी २०२५ ला द्वारकाच्या उड्डाणपुलावर काय झालं ते विसरलो का आपण. पुढच्या ट्रकमधून लोखंडी गज बाहेर आलेले, मागून पोरांनी भरलेला टेम्पो आदळला. निफाडहून परत येत होती ती पोरं. मी त्या पुलावरून रोज जातो, आजही गजांची गाडी पुढे दिसली की लेन बदलतो.

कोर्टातली_ताई
बॉडीच्या बाहेर माल काढायला २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार दंड ठेवलाय, ओव्हरलोडच्याच कलम १९४ मध्ये. दंड आहे, बघणारं कोणी नाही.

मेकॅनिक_काका
आता मूळ विषयावर माझं ऐका. आडगावला सव्वीस वर्षं गाळा आहे माझा, ट्रेलरचंच काम करतो. कागद आणि ट्रॉली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद चालू असलेली ट्रॉलीसुद्धा माझ्याकडे अशी येते की बघून पोटात गोळा येतो. पासिंगच्या दिवशी चांगले टायर लावायचे, पासिंग झालं की काढायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण संपलेल्या कागदाचा एक अर्थ असतो, तो ध्यानात घ्या. ट्रॉलीचं पासिंग दोन महिन्यांपूर्वी संपलं म्हणजे बहुतेक वेळा ती यार्डाच्या कोपऱ्यात उभी होती, काम नव्हतं म्हणून कोणी पासिंग केलं नाही. उभ्या ट्रॉलीचे ड्रम गंजतात, ब्रेकचे स्लॅक ॲडजस्टर जाम होतात, एअरचे पाईप उन्हाने तडकतात, आणि आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून दिसतही नाही. सीझन आला, गाडी कमी पडली की तीच ट्रॉली ओढून काढतात. म्हणजे कागद संपलाय याचा अर्थ तिच्याकडे बरेच दिवस कोणी बघितलेलं नाही. बावीसचाकीने कागदावरून नकार दिला पण मी म्हणतो तो नकार ट्रॉलीलाच होता.

नवी ट्रॉली हातात आली तर एवढं करा. टॉर्च घेऊन टर्न टेबलच्या (घोड्यावर ट्रॉली टेकते ती प्लेट) खाली वाका, किंग पिनला (ट्रॉलीखालचा जोडाचा खिळा) जबडा पूर्ण बसलाय का आणि प्लेटमध्ये फट नाही ना ते बघा. मग ट्रॉलीचे ब्रेक लावून घोडा पहिल्या गिअरमध्ये हलकासा पुढे ओढा, जोड पक्का असेल तर गाडी जागची हलणार नाही. हवेचा लाल आणि पिवळा पाईप जोडल्यावर इंजिन बंद करून शांत उभे राहा, कुठे फुसफुस ऐकू येते का. रॉडने सगळे बारा टायर वाजवा, आतलेसुद्धा. कंटेनर असेल तर त्याला ट्रॉलीला धरून ठेवणारे चारही ट्विस्ट लॉक हाताने फिरवून बघा, नुसते लावल्यासारखे दिसतात. आणि शेवटचं, सगळ्यात वाईट, खाली वाकून प्रत्येक ॲक्सलचा ब्रेक पाईप बघा. ब्रेकचा एअर चेंबर लीक झाला की दुरुस्त करायच्या ऐवजी पाईप दुमडून तारेने बांधतात, त्या ॲक्सलला ब्रेकच राहत नाही. नाशिकहून निघून कसारा उतरायचा किंवा इकडे राहुड घाट उतरायचा आणि तीनपैकी दोनच ॲक्सलला ब्रेक. घाटात ब्रेक फेल झाले म्हणून पेपरात येतं ना, त्यातले बरेच आधीच यार्डात फेल झालेले असतात, घाट फक्त ते दाखवतो.

घाटरस्ता
काका हे वाचून अंगावर काटा आला. आता समृद्धी जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झालाय, इगतपुरीच्या बोगद्यातून गेलं की कसारा टळतो, पण टोल बघून बरेच मालक अजून घाटानेच पाठवतात.

सिन्नर_मालक
टोलचं गणित सोपं नाही भाऊ, पण तो विषय वेगळा, वेगळा धागा काढा तिथे भांडू.

देवळालीची_वहिनी
मी ड्रायव्हर नाही, माझे मिस्टर होते. होते म्हणजे आता चालवत नाहीत. सगळ्यांचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

पाच वर्षांपूर्वी सिन्नरच्या पुढे रात्री ट्रॉलीचा टायर फुटला म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली. ट्रॉलीच्या मागच्या लाईट बंद होत्या, सेव्हन पिनची, म्हणजे घोड्याकडून लाईटला येणारी, वायर सडलेली. मिस्टर रस्त्यावर ठेवायचे कोन बाहेर काढेपर्यंत एक मोटारसायकल मागून आली. तो मुलगा गेला, बावीस वर्षांचा. नंतर कळलं की ट्रॉलीचं पासिंगही संपलेलं आणि मालकाने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, यांनीही कधी विचारलं नव्हतं. गुन्हा यांच्या नावावर. मालकाने पहिल्या दोन तारखांना वकील दिला, नंतर फोन उचलणं बंद केलं. केस अजून चालू आहे. हे दर तारखेला आदल्या रात्री झोपत नाहीत. त्या मुलाची आई कोर्टात समोरच्या बाकावर बसलेली असते, ती काही बोलत नाही, नुसती बघते.

बावीसचाकी भाऊजी, तुमच्या मिसेसना माझं हे वाचून दाखवा. एक ट्रिप गेली तर गेली.

निवृत्त_स्टेअरिंग
वहिनी, काय बोलू. मी आधी लिहिलं ते मागे घेत नाही, मालकाची जबाबदारी मोठीच. पण ड्रायव्हरने बघू नये असा अर्थ निघत असेल तर तो मला म्हणायचा नव्हता. माझ्या पुतण्याला आज फोन करून सांगितलं, तो चाकणला ट्रेलर चालवतो.

कोर्टातली_ताई
वहिनी, मला व्यक्तिगत निरोप करा, केसचे कागद बघते, फी नको.

बाकीच्यांसाठी एक. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नव्या न्याय संहितेत कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ ला ज्याच्यावरून संप झाला, पानेवाडीच्या डेपोबाहेर टँकर उभे राहिले आणि पेट्रोल पंपावर रांगा लागल्या, ते १०६(२), अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेचं, ते अजून लागू केलेलं नाही. पण (१) लागू आहे. त्या वेळी सगळे दहा वर्षांवर बोलत होते, या पाच वर्षांवर कोणी बोललं नाही. विम्याचंही तसंच. परमिट नसलेल्या गाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. त्यामुळे विमा चालू आहे ना, मग काळजी नाही, असं मालकांनीही समजू नये.

सातपूरकर
बावीसचाकी भाऊ कुठे गेले? गाडी मिळाली का?

बावीसचाकी_आडगाव
आलो. सगळ्यांचं वाचलं. वहिनींचं बायकोला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पण सकाळी डबा भरताना म्हणाली की गाडी मिळेल तेव्हा मिळेल.

आता पुढचं सांगतो. ती ट्रॉली काल दुपारी परत आली, रिकामी. कुठे अडवली नाही, काही झालं नाही. सुपरवायझर मला ऐकू जाईल असं म्हणाला, बघ, काय झालं? मी काही बोललो नाही. पण मेकॅनिक काकांचं डोक्यात होतं, म्हणून टॉर्च घेऊन खाली गेलो. तिसऱ्या ॲक्सलचा पाईप दुमडून तारेने बांधलेला. तो पोरगा कंटेनर घेऊन याच ट्रॉलीवर कसारा उतरला. त्याला बोलावून खाली वाकवून दाखवलं. बराच वेळ तो तसाच वाकून बघत राहिला, मग म्हणाला, दादा मला घाटात वाटलं होतं की आज जड चाललीये.

फोटो काढले, ताईंनी सांगितलं तसं तारीख आणि ट्रॉली नंबर लिहून थेट मालकाला पाठवले. सुपरवायझरला मध्ये घेतलं नाही. रात्री नऊला मालक स्वतः यार्डात आले. ओरडले नाहीत. खाली वाकून बघितलं आणि विचारलं की हे कधीपासून आहे, कोणालाच सांगता आलं नाही. आता चेंबर नवा टाकलाय, लायनर बदलतायत, पासिंगची तारीख शुक्रवारची मिळालीये आणि पेठ रोडला ट्रॉली मीच घेऊन जायची असं ठरलंय.

कोर्टातली_ताई
रिकामी न्या आणि अपॉइंटमेंटची पावती सोबत ठेवा.

सिन्नर_मालक
भाऊ, तिकडे काही कमी जास्त झालं तर मुसळगावला या. खरंच सांगतो.

मेकॅनिक_काका
शुक्रवारी जायच्या आधी माझ्या गाळ्यावर थांब. सेव्हन पिनची वायर आणि मागच्या लाईट बघून देतो. तो पोरगा मोकळा असेल तर त्यालाही आण, एकदा हाताने करून बघू दे.

बावीसचाकी_आडगाव
सात वाजता येतो काका, दोघे.